तूप कानडी, पेशवा फारसी

ज्येष्ठ नागरिकांना मराठी भाषेचा इतिहास शिकवायचा वर्ग. फॉर्मवर 'विद्यार्थी वीस' असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात ते वीस परीक्षक असतात. वर्ग सदाशिव पेठेत असेल तर एकवीस, कारण सतरंज्या घालणारे काकाही दारात उभे राहून ऐकतात.

पहिल्याच तासाला शिलालेख काढायचे नाहीत, हा माझा कानाला खडा. मराठीतला सर्वांत जुना शिलालेख श्रवणबेळगोळचा की अक्षीचा, यात नव्वद मिनिटे जातात आणि आपण अक्षीच्या शके 934 वर अडकून पडतो. त्यापेक्षा स्वयंपाकघरातून सुरुवात करावी. बटाटा, पाव, काजू पोर्तुगिजांबरोबर आले, इथवर सगळे खूश. तूप कानडी 'तुप्प'वरून आले म्हटले की वरणभात गार होतो. मग दबकत सांगायचे, की 'पेशवा' हा शब्द फारसी. 'फडणीस'मधला 'नीस'सुद्धा फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. या वाक्यानंतर लगेच चहा. बिस्किटे वाक्याच्या आधी.

खरी मेख उच्चारांच्या तासाला. 'चार'मधला च टाळूवर, 'चाक'मधला दातांच्या मुळाशी. लिहिताना दोन्ही एकच. आता वयोमानाने कानातून आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, म्हणजे नेमके स, श, च! माइक वाढवला तर पंख्याची घरघरही वाढते. म्हणून पंखा बंद करावा, कानावर भिस्त ठेवू नये, आणि जीभ कुठे टेकते ते ज्याचे त्याला शोधू द्यावे. वीस जण 'चार, चाक, चार, चाक' पुटपुटू लागले की बाहेरच्याला जप चाललाय असे वाटते. कवळी सैल असेल तर 'चाक' शिट्टी मारत येते. त्यात भाषेचा दोष नाही.

व्युत्पत्तीसाठी फळ्यावर संस्कृत, प्राकृत, मराठी असे तीन रकाने: हस्त, हत्थ, हात; सप्त, सत्त, सात. जोडाक्षराचे आधी द्वित्व होते, म्हणजे वेगळ्या दोन व्यंजनांऐवजी एकाचीच जोडी येते, मग त्यातले एक व्यंजन गळते आणि भरपाई म्हणून मागचा स्वर लांबतो. दोन ओळी दिल्या की 'दुग्ध, दुद्ध, दूध' वर्गातूनच येते. पण मग जो तो आपले आडनाव त्या रकान्यांत कोंबू लागतो. आडनावांना सरसकट बंदी घालावी. 'गर्दभ, गाढव' सांगताना नजर फळ्यावरच ठेवावी.

अनुस्वारांच्या तासाला मात्र आपणच वही काढून बसावे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांची प्राथमिक शाळा, उच्चारात न येणारे अनुस्वार काढून टाकणाऱ्या 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीची. 'पांच'वरचा ठिपका म्हणजे 'पञ्च'मधल्या ञ ची खूण, 'नांव'वरचा म्हणजे 'नाम'मधल्या म ची. आपण हे पुस्तकातून शिकलो, त्यांच्या हातात ते आहे. हजेरीचा कागद 'नाव' असा छापून फिरवावा. परत येतो तेव्हा 'ना'च्या डोक्यावर लाल शाईचा ठिपका असतो.