एशरचे मासे

तुमचा लेख छान आहे, पण त्यात डच चित्रकार एम. सी. एशरला ‘दृष्टिभ्रमांचा चित्रकार’ म्हणून दोन ओळींत उरकलंत ते पटलं नाही. न संपणारे जिने, चढावर वाहणारं पाणी ही चित्रं सगळ्यांनाच माहीत असतात. मला विचाराल तर त्याची खरी कमाल ‘सर्कल लिमिट’ मालिकेत आहे, म्हणजे वर्तुळात बसवलेल्या, काठाकडे लहान होत जाणाऱ्या आकृत्यांच्या चित्रांत.

१९५४ मध्ये ॲमस्टरडॅमला गणितज्ञांचं आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरलं, तेव्हा त्याचं प्रदर्शन लागलं होतं. तिथून कॉक्सेटर या भूमितिज्ञाशी ओळख झाली. पुढे कॉक्सेटरनी पाठवलेल्या शोधनिबंधात एक आकृती होती: वर्तुळाच्या काठाकडे लहान लहान होत जाणारे त्रिकोण. मजकूर एशरच्या डोक्यावरून गेला (त्याचं गणिताचं शिक्षण शाळेपुरतंच!), पण आकृतीवरून त्याने रचनेची रीत स्वतः शोधली. १९५९ च्या ‘सर्कल लिमिट ३’ मधले मासे काठाशी बारीक दिसतात, पण हायपरबोलिक भूमितीच्या (शाळेतल्या सपाट भूमितीहून वेगळी, जिथे काठाकडची अंतरं दिसतात त्याहून मोठी मोजली जातात) मापाने सगळे सारख्याच आकाराचे आहेत.

त्या चित्रातल्या, माशांच्या पाठीवरून जाणाऱ्या पांढऱ्या कमानी तर बघाच. त्या काठाला काटकोनात भेटतील असं वाटतं, पण कोन आहे जवळपास ८० अंशांचा. तो तसाच असायला हवा, हे कॉक्सेटरनी १९७९ मध्ये त्रिकोणमितीने दाखवलं. एशर १९७२ मध्येच गेला होता. लाकडी ठशावर त्याने ते नुसत्या हाताने आणि नजरेने साधलं होतं.

जमल्यास स्पेनमधल्या ग्रॅनडाच्या अलहंब्रा राजवाड्यातल्या टाइल्सवरही लिहा. १९३६ मध्ये एशरने त्यांच्या नकला उतरवल्या होत्या.