बिनपरवाना मोजणीदार

2025 मध्ये पेपरात बातमी आली की आता जमिनीची मोजणी परवानाधारक खासगी भूमापकसुद्धा करणार, त्यांनी मोजायचं आणि भूमी अभिलेखच्या अधिकाऱ्यानं तपासून प्रमाणित करायचं. आमच्या पारावर लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते बरं झालं, सरकारी माणूस कुठं कुठं पुरणार, दुसरी म्हणते आता पैसेवाल्याचा बांध सरकणार. मला दोन्हीत पडायचं नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की परवाना मोजणाऱ्याला द्या नाहीतर देऊ नका, पण मोजणी बघायला जे येतात त्यांना आधी लायसन्स सक्तीचं करा, परीक्षा घ्या, फोटो लावलेलं ओळखपत्र द्या, आणि जास्त बोलला की रद्द करा.

ज्याच्या वावरात मोजणी आली नाही त्याला हे कळायचं नाही. पत्रिका हातात देऊन जी माणसं लग्नाला येत नाहीत ती मोजणीला बिनआवतनाची सकाळी आठला बांधावर हजर, आणि प्रत्येकजण मोजणीतला तज्ज्ञ.

आमचं प्रकरण साधं. कृष्णेच्या अलीकडं आमचं ऊस-आल्याचं वावर, शेजारी आण्णाचं. मधला बांध आमच्या आज्याच्या काळात म्हणे बैलगाडी जाईल एवढा होता, आता त्यावरून मांजर जाताना तोल सांभाळतं. दरवर्षी नांगरटीला आण्णाचा ट्रॅक्टर बांधाला गुदगुल्या करतो असं आमचं म्हणणं, आणि आमचा ट्रॅक्टर करतो असं आण्णाचं. ट्रॅक्टर दोघांचाही भाड्याचा, आणि ड्रायव्हर एकच. त्याला विचारलं तर म्हणतो, मला काय, मी सांगितल्यासारखं चालवतो.

शेवटी आमच्या घरातनं ऑर्डर निघाली की एकदाची हद्द कायम मोजणी करून टाका, रोजची कटकट नको. मग ऑनलाइन अर्ज, सातबारा, चलन. पूर्वी याचे चार प्रकार होते, साधी, तातडीची, अतितातडीची आणि अति-अतितातडीची, आता 1 डिसेंबर 2024 पासून दोनच, नियमित आणि द्रुतगती. खेड्यात दोन हेक्टरपर्यंत नियमितला 2000 आणि द्रुतगतीला 8000. मी नियमित भरली, कारण ज्या बांधावर दोन पिढ्या भांडल्या त्याला अजून थोडं थांबायला काय झालं.

पण तारीख पडली तेव्हा आमचा ऊस कारखान्याला गेलेला आणि आण्णाचा आडसाली डोक्याच्या वर. आडसाली म्हणजे सोळा-अठरा महिन्यांचा मुक्काम. उभ्या पिकात मोजणी कशी करायची, मोजणी पुढं ढकलली. आण्णाचा तुटेपर्यंत आमचा खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाचा नवा फुटवा, कमरेला लागला. म्हणजे आमचं रान मोकळं, आण्णाचं रान मोकळं, ऊसतोडीची टोळी वेळेवर आली आणि तारीखही त्याच आठवड्यात पडली असा चौरंगी योग पाहिजे, आणि मुलीच्या लग्नालासुद्धा आम्ही एवढं पंचांग बघितलं नव्हतं. बरं, त्या कार्यालयात चौकशीला जावं तर ज्या टेबलाला फाइल आहे तो माणूस नेहमी फिल्डवर, आणि फिल्डवर विचारावं तर तो कार्यालयात. असो. सगळ्या तालुक्याच्या मोजण्या थोड्याशा माणसांच्या गळ्यात, त्यांना तरी किती बोलायचं.

तर एकदाचा योग आला. लगतधारकांना नोटिसा गेल्या, आणि नोटीस एकाला गेली की गावाला गेली.

सगळ्यात आधी आमचा तात्या. तात्या पावलानं मोजतो. त्याचं एक पाऊल म्हणजे बरोब्बर अडीच फूट, 1972 च्या दुष्काळी कामावर मुकादमाच्या टेपनं तपासून घेतलंय असं तो सांगतो. आता तात्याच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, पाऊल दीड फुटावर आलंय, पण हिशोब अजून अडीचनंच चालू. त्यामुळं तात्यानं मोजलं की आमची जमीन वाढते, म्हणून आम्ही त्याला कोणी अडवत नाही.

त्यानंतर रिटायर तलाठी भाऊसाहेब. हे तर चालतंबोलतं दप्तर. बांधावर छत्री रोवून सुरू झाले की 1835 च्या सुमाराला इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी मोजणी मांडली, तीच पद्धत पुढं मुंबई इलाख्यात पसरली, आणि 1848 ला साताऱ्याचं राज्य खालसा झालं तेव्हा आपल्याकडंही त्यांची साखळी आली. साखळी तेहतीस फुटाची, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस झाले की एकर. इथवर सगळं बरोबर आणि खरं सांगायचं तर ऐकायलाही मस्त, पण भाऊसाहेब कुठं थांबतात. म्हणाले, लोखंडाची साखळी उन्हात तापली की लांबते, म्हणजे उन्हाळ्यात ज्याचं रान मोजलं त्याचं क्षेत्र कागदावर कमी बसलं.

आण्णा एकदम उठला. "मग आमचं मे महिन्यातच मोजलंय!"

"कागद हाय का आण्णा?"

"कागद कशाला पायजे, आजा सांगायचा."

तिकडं आमचा पुतण्या मोबाइल हातात धरून वावराला फेरी मारत होता. त्याच्याकडं ॲप आहे. पहिल्या फेरीत आमचे चार गुंठे वाढले, दुसऱ्या फेरीत सहा कमी झाले, मग तो म्हणाला थांबा, रेंज येऊ दे. मोबाइलचा जीपीएस चार-पाच मीटर इकडंतिकडं सहज करतो, आणि आमचा बांध उरलाय फूटभर. म्हणजे त्या ॲपवर आम्ही एकाच वेळी आण्णाच्या रानात, ओढ्यात आणि समाजमंदिरात होतो.

आणि अथणीचा मेव्हणा. तो खास मोजणीसाठी एसटी धरून आलेला, कारण कर्नाटकात लायसन्सवाले सर्व्हेअर कधीपासून आहेत आणि हे आम्हाला सांगितल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. "आमच्याकडं सर्व्हे नंबरातला तुकडा विकायचा झाला तर आधी त्या तुकड्याचा मोजणी नकाशा, अकरा-ई म्हणतात, तो लागतो, लायसन्सवाला येतो, मोजतो, सरकारी माणूस तपासतो, मग रजिस्ट्री. तुमचं म्हाराष्ट्र आत्ता कुठं जागं झालं!" मी म्हटलं दाजी, मग तुमच्या भावकीचा दावा अजून कोर्टात कसा? तर म्हणाला तो वेगळा विषय आहे, आणि पानाचा डबा काढला.

या सगळ्यात मोजणीच्या मॅडम आल्या. वय जेमतेम पंचवीस-सव्वीस, सिव्हिलचा डिप्लोमा केलेल्या, परीक्षा देऊन भूकरमापक झालेल्या. सोबत एक माणूस आणि काठीवर बसवलेला रोव्हर, म्हणजे उपग्रहावरनं जागा धरणारं मशीन. पब्लिकचा विरसच झाला. नकाशा काढायची फळी नाही, साखळी नाही, नुसती काठी उभी करायची आणि हातातल्या मशीनवर बोट मारायचं. ठिकठिकाणी पक्की स्टेशनं बसवलीत, तिथनं दुरुस्ती मिळते आणि सेंटिमीटरात जागा कळते, असं मॅडमनी समजावून सांगितलं. तात्यानं विचारलं, "वरनं दिसतंय म्हणता, मग आंब्याखाली कसं दिसंल?" आणि मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे आजोबा, झाडाखाली अडचण येते." झालं! त्या दिवसापासून तात्या स्वतःला खात्याचा माणूस समजतो.

पण मॅडमना खरं पाहिजे होतं ते दुसरंच. त्या म्हणाल्या मशीन चांगलं असून काय, जुन्या नकाशाशी जुळवायला जागेवर जुन्या खुणा पाहिजेत, दगड कुठंय? आता दगड कुठंय हा प्रश्न आमच्या शिवारात विचारायचा नसतो. सगळे आभाळाकडं बघायला लागले. हद्दीची खूण जाणूनबुजून हलवली तर 1966 च्या महसूल कायद्यात खुणेमागं शंभर रुपयांपर्यंत दंड आहे. शंभरात साताऱ्यात कंदी पेढे किती येतात बघा आणि अर्धा गुंठा किती जातो बघा, मग दगड जागेवर का राहत नाहीत ते सांगायला तज्ज्ञ नको. शेवटी एक दगड आण्णाच्या गोठ्याच्या पायरीत सापडला, त्यावर धुणं धुवायचे. एक आमच्या विहिरीच्या काठावर निघाला, तो मात्र तिथं आपोआप आलेला होता. मॅडमनी दोन्हींवर काट मारली आणि लांब शिवेवरच्या, कुणाच्याच कामाच्या नसलेल्या खुणा धरून मोजणी केली.

दुपारी उसाच्या पाल्यावर बसून भाकरी खाल्ली, आमच्या आक्कानं मॅडमना ताक दिलं, ते आण्णानं बघितलं आणि त्याच्या घरनं लगेच खीर आली. मॅडमनी दोन्ही नको म्हटलं, पाण्याची बाटली स्वतःची काढली. मला तर वाटतं खासगी भूमापकांच्या नियमात पहिलं कलम हेच घाला.

चारच्या सुमाराला हद्दीवर चुन्याची फक्की पडली. सगळं गाव वाकून बघतंय. वरच्या अंगाला आण्णा आमच्यात दोन फूट, खालच्या अंगाला आम्ही आण्णाच्यात दोन फूट. मधे बांध बरोबर. क्षेत्र दोघांचंही सातबाऱ्यावर आहे तेवढंच.

असला भयंकर निकाल मी आजवर बघितला नाही. एक जिंकला असता तर निदान दुसऱ्याला रडता आलं असतं. भाऊसाहेब म्हणाले मोजणीत गडबड आहे, मेव्हणा म्हणाला लायसन्सवाला असता तर असं झालं नसतं, पुतण्याच्या ॲपवर आम्ही तोवर नदीपलीकडं गेलेलो, आणि तात्यानं तर पावलं टाकायला सुरुवात पण केली. मॅडमनी शांतपणे जबाब पुढं केला. आण्णानं लिहिलं "मोजणी मान्य नाही." मी खाली लिहिलं "मलाही."

गर्दी पांगल्यावर आण्णा तंबाखू मळत जवळ आला. किती वर्षांनी दोघं एका बांधावर उभे होतो.

"आता काय करायचं मग?"

"निमताना लावायचा. वरचा माणूस येऊन परत तपासंल."

"फी?"

"बसंल की आणखी."

आण्णानं तंबाखूला चुना लावला, चिमूट केली, निम्मी मला दिली. "मी काय म्हणतो, एकाच मोजणीला दोघांनी का म्हणून भरायचे? निम्मे तू घाल, निम्मे मी घालतो."

मला पटलं. एवढं शहाणपणाचं बोलणं त्या बांधावर कधी झालंच नव्हतं. हात पुढं करून म्हटलं, ठरलं आण्णा, उद्याच जाऊ तालुक्याला, एकाच गाडीवर.

"जाऊ की," आण्णा म्हणाला. "पण अर्ज माझ्या नावानं."

"तुझ्या का म्हणून?"