गंज काढला, पुढचं कोण करणार?
बोल्ट रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवायचे, सकाळी चकचकीत झाले म्हणून मिरवायचं आणि ओलेच डब्यात टाकायचे! पुन्हा तांबूस होणार नाहीत तर काय? आम्लाने गंजाबरोबर गंज रोखणारा उरलासुरला जस्ताचा थरही खाल्लेला असतो. उघडं पोलाद ते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा, हेअर ड्रायरने खडखडीत वाळवा, लगेच तेल लावा. एवढंही जड जातं? आणि डोक्यावर १०.९ किंवा १२.९ कोरलेला, म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादाचा बोल्ट आम्लात घालूच नका. हायड्रोजन शिरून पोलाद ठिसूळ होतं, मग आवळून ठेवलेला बोल्ट नंतर कधीतरी कटकन तुटू शकतो. तिथे वायर ब्रशच बरा. आट्यांवर जाड रंग फासणारे तर वेगळेच महाभाग! नट अर्ध्यात अडकतो, टॉर्क म्हणजे आवळण्याचा जोर चुकतो, आणि शिव्या मात्र बोल्टला.