इंजिन बंद पडलं म्हणजे विमान पडलं, हे खोटं आहे

“विमानाला हवेत धरून ठेवतं ते इंजिन. इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं, त्यालाच स्टॉल म्हणतात. अशा वेळी नाक वर ओढून उंची टिकवायची. उन्हाळ्यात गरम हवा वर जात असते, म्हणून विमान लवकर उचलतं.” भावी पायलटांसाठी बेसिक माहिती म्हणून हा मेसेज कोल्हापुरातल्या बारावीच्या पोरांच्या ग्रुपवर फिरतोय. मी डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) पायलट परीक्षेचे ग्राउंड सब्जेक्ट, म्हणजे लेखी विषय, शिकवतो आणि वर्गात काहींनी हे पाठच करून ठेवलेलं दिसलं. यातलं एकही वाक्य बरोबर नाही. तिसरं तर जीव घेणारं आहे.

पहिलं वाक्य घ्या. सेस्ना 172 या चार आसनी, एका इंजिनाच्या छोट्या विमानाचं वजन भरल्यावर साधारण 1100 किलो होतं. सरळ पातळीत उडताना तिचा प्रोपेलर जो जोर लावतो, तो या वजनाच्या नवव्या-दहाव्या हिश्श्याएवढाच असतो. तेवढ्यावर वजन उचललं जाणार कसं? वजन पेलतो पंख. तो हवेला खाली वळवतो, वरच्या बाजूचा दाब खालच्यापेक्षा कमी होतो आणि विमान तोललं जातं. इंजिनाचं काम फक्त पुढचा वेग टिकवणं.

इथं आणखी एक जुनी चूक हमखास चिकटते: पंखाच्या वरची हवा आणि खालची हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोचायला हवी, म्हणून वरची पळते. असा कुठलाही नियम नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या होल्गर बाबिन्स्की यांनी धुराचे झोत सोडून दाखवलं की वरची हवा खालच्या हवेच्या आधीच पुढे निघून जाते.

आता ‘दगडासारखं’. इंजिन बंद पडलेली सेस्ना 1 फूट खाली येताना साधारण 9 फूट पुढे जाते. जमिनीपासून 3000 फुटांवर असाल आणि वारा नसेल, तर हातात आठेक किलोमीटर असतात. कोल्हापूरचं सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) ते उजळाईवाडीचा विमानतळ हे सरळ रेषेतलं अंतर याहून कमी आहे. मोठ्या विमानांचंही तेच. 1983 मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग 767 चं इंधन 41,000 फुटांवर संपलं. दोन्ही इंजिनं बंद असताना ते कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं गेलं आणि आतले सगळे वाचले.

स्टॉलची गोष्ट जास्त गंभीर आहे. स्टॉल पंखाचा होतो, इंजिनाचा त्याच्याशी संबंध नाही. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातला कोन, म्हणजे अँगल ऑफ अटॅक, साधारण 15-16 अंशांपलीकडे गेला की वरची हवा पंखाला धरून वाहत नाही, सुटते. उचलणारा जोर कोसळतो. इंजिन पूर्ण ताकदीनं चालू असलं तरी हे होतं. 1 जून 2009 ला एअर फ्रान्सचं 447 क्रमांकाचं विमान अटलांटिकमध्ये गेलं, 228 माणसं गेली. समुद्रावर आदळेपर्यंत त्याची दोन्ही इंजिनं चालू होती. नाक वर धरलेलं राहिलं आणि विमान स्टॉलमधून बाहेर आलंच नाही.

सेस्ना 172 च्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. बऱ्याच विमानांत प्रीफ्लाइटच्या, म्हणजे उड्डाणाआधीच्या तपासणीच्या, वेळी तिथं रुमाल धरून तोंडानं हवा ओढली की पिपाणीसारखा आवाज येतो. तीच स्टॉल वॉर्निंग. हवेत तो आवाज स्टॉलच्या थोडा आधी सुरू होतो. ऐकू आला की योक (नाक वर-खाली करायचं हँडल) पुढे, म्हणजे कोन कमी. पॉवर त्यानंतर.

म्हणूनच मेसेजमधलं तिसरं वाक्य मला सहन होत नाही. इंजिन गेलं आणि तुम्ही नाक वर ओढलंत, तर वेग उतरतो, कोन वाढतो आणि जे विमान आठ किलोमीटर तरंगत गेलं असतं ते जागच्या जागी कोसळतं. करायचं नेमकं उलट. नाक खाली, बेस्ट ग्लाइडचा वेग धरा, म्हणजे ज्या वेगाला विमान इंजिनाविना सगळ्यात लांब तरंगतं तो. सेस्ना 172 मध्ये तो मॉडेलप्रमाणे 65 ते 68 नॉट्सच्या आसपास असतो. मग उतरायला रान निवडा. आपल्याकडे वरून सपाट दिसणारा हिरवा पट्टा बहुतेक वेळा उभा ऊस असतो, माणसापेक्षा उंच. तोडणी झालेलं रिकामं रान बघा आणि सरीच्या दिशेनं उतरा, सरीला आडवं नको.

गरम हवेचं वाक्य कोल्हापूरच्या पोरांनी तरी मानू नये. उजळाईवाडीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 फुटांवर आहे. तिथं प्रमाण तापमान 11 अंश धरतात. एप्रिलच्या दुपारी 38 असेल तर 27 अंशांचा फरक पडला. दर अंशाला 120 फूट धरले, तर डेन्सिटी अल्टिट्यूड 5200 फुटांवर जाते. म्हणजे विमान जमिनीवर उभं असतानाच त्याला सव्वापाच हजार फुटांवरची विरळ हवा मिळते. इंजिनाची साधारण 15 टक्के ताकद जाते, प्रोपेलरची पकड कमी होते. एअरस्पीड इंडिकेटरवर उचलायचा आकडा तोच दिसतो, पण खरा वेग सुमारे 8 टक्के जास्त लागतो. धावपट्टी जास्त खर्ची पडते आणि उचलल्यावर चढही मंदावतो. सोलोला, म्हणजे एकट्यानं उडवायला, निघण्याआधी विमानाच्या हँडबुकमधला टेक-ऑफ डिस्टन्सचा तक्ता त्या दिवसाच्या तापमानाला उघडा, सरासरीला नको.

याच्याच जोडीनं ‘पावसाळ्यातली दमट हवा जड’ असंही ऐकायला मिळतं. पाण्याच्या वाफेचा रेणूभार 18, कोरड्या हवेचा सरासरी 29. तापमान आणि दाब तोच असेल तर दमट हवा हलकीच असते. उष्णतेपेक्षा हा परिणाम लहान, पण तोही विमानाच्या विरोधातच जातो.