एफ-१ चे आराखडे हरवले नाहीत

‘चंद्रावर नेणाऱ्या रॉकेटच्या इंजिनाचे आराखडे नासानं हरवले, आज तसं इंजिन कुणालाच बनवता येत नाही, म्हणजे माणूस चंद्रावर गेलाच नव्हता,’ असा मजकूर फिरतोय. शिकलेसवरलेले लोकही तो पुढे ढकलताना पाहून वाईट वाटतं.

हे इंजिन म्हणजे सॅटर्न-५ च्या पहिल्या टप्प्यातलं रॉकेटडाइन कंपनीचं एफ-१. एकेकाचा रेटा सुमारे ६८० टन, आणि अशी पाच. केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन मिळून एक इंजिन सेकंदाला अडीच टनांहून जास्त पिऊन टाकायचं.

आधी आराखड्यांचं. सॅटर्न-५ ची रेखाटनं नासाच्या हंट्सव्हिलमधल्या मार्शल केंद्रात मायक्रोफिल्मवर आहेत, जॉर्जियातल्या सरकारी अभिलेखागारातही कागदपत्रांचे ढीग आहेत. उणीव आहे ती वेगळीच. ही इंजिनं बरीचशी हातानं घडवलेली. वेल्डरनं, फिटरनं जागेवर केलेल्या बारीक दुरुस्त्या प्रत्येक वेळी रेखाटनावर चढल्या नाहीत. आपल्याकडे १९७४ च्या करारानंतर इस्रोचे अभियंते फ्रान्सला जाऊन तिथल्या वायकिंग रॉकेट-इंजिनावर प्रत्यक्ष काम करून आले, तेव्हा आपलं विकास इंजिन उभं राहिलं. नुसते कागद पुरले असते तर माणसं पाठवावी लागली नसती.

‘आज कुणाला जमत नाही’ हेही खोटं. मार्शलच्या तरुण अभियंत्यांनी जपून ठेवलेली एफ-१ खोलली, भाग स्कॅन केले आणि २०१३ मध्ये जुना गॅस जनरेटर (इंधनाचे पंप फिरवणारा वायू तयार करणारा भाग) चाचणीमंचावर पेटवून दाखवला. रशियाचं आरडी-१७० तर एकूण रेट्यात एफ-१ च्याही पुढे आहे. फरक एवढाच, की त्यात चार ज्वलनकक्ष आहेत आणि एफ-१ मध्ये एकच. एफ-१ पुन्हा बनलं नाही, कारण सॅटर्न-५ चं उत्पादनच थांबलं. गिऱ्हाईकच नसेल तर कारखाना कोण चालू ठेवणार?

‘संगणकाशिवाय हे शक्यच नव्हतं’ म्हणणाऱ्यांनी त्या लोकांची धडपड बघावी. ज्वलन अस्थिर व्हायचं, कक्षात दाबाच्या लाटा उसळायच्या आणि इंजिन स्वतःलाच फाडायचं. जून १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावर एक इंजिन असंच गेलं. मग त्यांनी चालू इंजिनाच्या पोटात मुद्दाम छोटे बॉम्ब फोडायला सुरुवात केली: लाट उठवायची आणि ती किती वेळात विरते ते मोजायचं. इंजेक्टरच्या, म्हणजे कक्षात इंधन फवारणाऱ्या चकतीच्या, तोंडावर तांब्याच्या आडभिंती घालून तेरा कप्पे केले, भोकांचे कोन पुन्हा पुन्हा बदलले. शेवटी बॉम्बची लाट सेकंदाच्या दहाव्या भागात शमू लागली. ही वर्षांची मेहनत आहे, आणि तिला कुणी बनाव म्हटलं की माझ्या अंगाची आग होते. १९६७ ते १९७३ मध्ये तेरा उड्डाणांत पासष्ट एफ-१ पेटली. एकही उड्डाणात बंद पडलं नाही.

उरला ‘गेलेच नव्हते’ हा दावा. मार्च २०१३ मध्ये अटलांटिकच्या तळातून, चार किलोमीटरहून जास्त खोलीवरून, उड्डाणानंतर समुद्रात पडलेली, वाकलेली, गंजलेली एफ-१ वर काढली गेली. कॅन्ससमध्ये त्यांची साफसफाई करताना विशेष प्रकाशात एका भागावर पुसट आकडा दिसला: २०४४. माणसाला पहिल्यांदा चंद्रावर उतरवणाऱ्या अपोलो-११ च्या मधल्या इंजिनाचा तो क्रमांक आहे.