पोचलास की रिंग दे

मिस कॉल देणाऱ्यांना हसणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत. "कंजूस लेकाचा, रिंग देऊन कट करतो!" अहो, कंजुषी कसली, ती शुद्ध हुशारी होती.

३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल लावला. त्यानंतर कितीतरी वर्षं बोलायला पैसे पडायचे तसे ऐकायलाही पडायचे. इनकमिंग फुकट झालं १ मे २००३ पासून. पण नुसत्या रिंगचे पैसे कुणी कधी लावले नाहीत. समोरच्याने उचलला की मीटर चालू, नाही उचलला की शून्य. एवढ्या फटीत आपल्या लोकांनी अख्खा संसार चालवला.

आमच्या घरी एक रिंग म्हणजे सुखरूप पोचलो. दोन म्हणजे तिकडून फोन करा, माझ्याकडे पैसे नाहीत. आई पदराला हात पुसत यायची आणि रिसीव्हरवर हात ठेवून मोजत उभी राहायची. उचलायची नाही. एकदा शेजारच्या काकूंनी उत्साहाने "हॅलो" केलं! एसटीडीचा भुर्दंड पडलाच, वर काकूंच्या गुडघ्यांची चौकशीही करावी लागली.

मोजण्यावरून भांडणंही व्हायची. "मी एकच दिली." "इथे दोन वाजल्या." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असायचे. फोन लावणाऱ्याला कानात जी रिंग ऐकू येते ती समोरच्या फोनची नसतेच, ती एक्स्चेंज वेगळी ऐकवतं. दोन्हींचा मेळ बसेलच असं नाही. त्यात आपली लँडलाइन इंग्रजांच्या पद्धतीची, ट्रिंग-ट्रिंग असा जोडठोका आणि मग दोन सेकंद गप्प. अमेरिकेत एकच लांब रिंग आणि चार सेकंद शांतता. त्यांच्याकडे मोजणाऱ्या आईचा जीव तेवढ्यात टांगणीला लागला असता.

(कांद्याच्या लिलावात व्यापारी भाव पाडायला संगनमताने "रिंग करतात" ती रिंग निराळी. ती गोल कड्याची, आवाजाची नव्हे. तिच्यावर वेगळी पोस्ट होईल आणि माझे दोन-चार मित्र कमी होतील.)

तर माझं म्हणणं असं की रिंग फुकट होती, म्हणूनच सगळ्यांचा तिच्यावर डोळा गेला. २०११ ला अण्णांच्या आंदोलनाला पाठिंबा मिस कॉलने द्यायचा होता. पुढे भाजपची सदस्यनोंदणी मिस कॉलवर झाली. बँकेचं बॅलन्स मिस कॉलवर, गॅसचा नंबर मिस कॉलवर. इथपर्यंत माझी तक्रार नाही, सोयच झाली.

पण २०१९ आठवतंय? कंपन्यांनी रिंगच कापायला घेतली. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसरीकडे कॉल केला की पहिलीने दुसरीला मिनिटाला ६ पैसे द्यायचे, असा तेव्हा नियम होता. मग जिओने रिंग २० सेकंदांवर आणली. उचलायच्या आत बंद पडली की समोरचा उलटा फोन करणार आणि ६ पैसे त्याच्या कंपनीच्या खिशातून जाणार! एअरटेलनेही मग आपली २५ वर आणली. तुमची आजी काठी शोधत फोनपर्यंत पोचेपर्यंत फोन गप्प, आणि भांडण कशावरून, तर ६ पैशांवरून. शेवटी ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, मध्ये पडावं लागलं आणि १ नोव्हेंबर २०१९ ला ठरलं की मोबाइल ३० सेकंद वाजेल, लँडलाइन ६०. फोन किती वेळ वाजावा याचा सरकारी आदेश निघाला, यात सगळं आलं.

दुसरी घुसखोरी कॉलर ट्यूनची. ओळखीच्या एकांचे वडील गेले. सांत्वनाला फोन लावला तर कानात ढोलताशे आणि लग्नाचं गाणं. त्या मुलाचा काय दोष, त्याला बिचाऱ्याला ते ऐकूच येत नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या सूचनेसाठी सरकारने तर त्या जागी खोकलाच घातला. अॅम्ब्युलन्स शोधायला फोन लावावा आणि आधी कुणीतरी खोकून दाखवावं! नंतर अमिताभ आले. पुढे सायबर फसवणुकीपासून सावध करायला पुन्हा अमिताभ, ते २०२५ च्या जूनपर्यंत. संदेश चांगला होता, मान्य. पण घाबरून फोन करणाऱ्याचे ते सेकंद तुम्ही कोणाला विचारून घेतलेत? जाहिरात करायला टीव्ही आहे, रेडिओ आहे, एसटीची पाठ आहे.

आणि आता आपणच रिंगला घाबरतो. माझा भाचा फोनच्या आधी मेसेज करतो, "मामा, कॉल करू का?" त्याचा स्वतःचा फोन कायम सायलेंट. रिंग वाजली की कर्जवाला नाहीतर कुरिअरवाला असणार असंच धरून चालतात ही मुलं, आणि बऱ्याचदा त्यांचं बरोबरही निघतं. तरी मी मेसेज करून परवानगी मागणार नाही. रिंग देणार, उचलायचा तर उचल.

तुमच्या घरी काय कोड होते ते लिहा खाली. आमच्या एका मित्राकडे तीन रिंगा म्हणजे "बाबा निघालेत, टीव्ही बंद कर" असं होतं.