सर्व्हिसनंतर तीन आठवड्यांत गंजलेली चेन : आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

फोंड्यातील आमच्या दुकानाला दोन तारे देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी शांतपणे दोनदा वाचला. बाराशे रुपये घेऊन केलेली माउंटन बाइकची सर्व्हिस तीन आठवडेही टिकली नाही, चेनवर गंज चढला, मागचा ब्रेक किंचाळू लागला, सायकल परत आणल्यावर चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरील दातेरी चक्रांचा संच) दोन्ही बदलण्यास सांगण्यात आले, आणि मुळात दोन दिवसांचे काम पाच दिवस लांबले, अशी आपली तक्रार आहे. यातील काही दोष आमच्या पदरात घालावा लागेल, काही नाही.

उशिराचा दोष पूर्णपणे आमचा. चवथीला दुकान बंद राहणार आणि कारागीर आपापल्या गावी जाणार, हे आम्हाला आधीपासून माहीत होते. गणपतीची तारीख काही अचानक उगवत नाही. सायकल ताब्यात घेतानाच तसे सांगायला हवे होते, ते सांगितले नाही आणि नंतर फोनही केला नाही. त्याबद्दल दिलगीर आहे.

आता गंजाविषयी. दुसऱ्यांदा आलात तेव्हा आपणच सांगितले होते, की वाळपईकडच्या मातीच्या वाटांवरून परतल्यावर दर वेळी आपण सायकल मोटारी धुण्याच्या ठिकाणी नेऊन जोराच्या पाण्याने धुऊन घेता आणि घरी आल्यावर चेनवर गंज सोडवण्याचा स्प्रे भरपूर मारता. यात आपला निष्काळजीपणा नाही, उलट सायकलवरचे प्रेमच दिसते; परंतु बिघाडाचे मूळ नेमके तिथेच आहे. सायकलच्या हबमधील (चाकाच्या मध्यभागातील) आणि पेडलच्या आसातील बेअरिंगांवरची रबरी सील पाऊस आणि चिखलाचे शिंतोडे अडवू शकते, मात्र यंत्रातून सुटलेल्या पाण्याच्या धारेपुढे तिचा निभाव लागत नाही. आपल्या मागच्या चाकाचा हब उघडला तेव्हा ग्रीसच्या जागी विटकरी रंगाचा लगदा निघाला आणि तो बोटांत चोळला तर कण खरखरत होते. आपल्याकडची जांभ्याची माती लोहाच्या ऑक्साइडांनी भरलेली आहे. ती तेलात किंवा ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिशपेपरचे काम करू लागते.

स्प्रेचे असे आहे, की तो गंजलेला नट सोडवायला उत्तम, पण चेनच्या रोलरमध्ये (पिनांवर फिरणाऱ्या छोट्या नळकांड्यांत) टिकून राहणारे वंगण नव्हे. आम्ही घातलेले दाट तेल त्याने सैल होऊन वाहून गेले, पुढच्या फेरीत पाऊस लागला आणि उघड्या पोलादावर गंज धरला. त्याच स्प्रेचे तुषार मागच्या डिस्कवर, म्हणजे ब्रेकच्या धातूच्या चकतीवर, उडाले. ही चकती दाबून धरणारे पॅड काढून पाहिले तर त्यांचा पृष्ठभाग खडबडीत राहण्याऐवजी काळपट आणि चकचकीत झाला होता. पावसात भिजलेली डिस्कही ओरडते, पण चार-पाच वेळा ब्रेक दाबल्यावर ती कोरडी होऊन गप्प बसते. आपला ब्रेक कोरड्या रस्त्यावरही ओरडत होता आणि पकडही कमी देत होता. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करता येते, परंतु पॅडमध्ये मुरलेले तेल खात्रीने निघत नाही. अशा ब्रेकवर चोर्ला घाट उतरायला मी कोणालाही सांगणार नाही, म्हणून पॅड बदलण्याचा आमचा सल्ला कायम आहे.

चेनच्या बाबतीत मात्र मी आमची बाजू घेऊ शकत नाही. चेनच्या प्रत्येक दोन पिनांतील अंतर अर्धा इंच असते, त्यामुळे पोलादी पट्टीचे शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवले तर बारा इंचांच्या खुणेवर बरोबर तिच्यापुढची चोविसावी पिन यायला हवी. ती 1/16 इंच पुढे सरकली असेल, तर चेन सुमारे अर्धा टक्का झिजली असे समजावे. आपल्यासारख्या नऊ गियरच्या चेनला 0.75 टक्क्यांपर्यंत चालवता येते. त्यापुढे ती कॅसेटचे दातेही झिजवू लागते. पहिल्या सर्व्हिसच्या वेळी आपली चेन 0.5 टक्क्यांच्या पुढे गेलेली होती, तशी नोंद आमच्या जॉबकार्डावर आहे, आणि ती आपल्याला कोणीही सांगितली नाही. नवशिक्या ग्राहकाला चकचकीत सायकल हातात देऊन पाठवणे आणि ती पुढे कशी सांभाळायची याबद्दल अवाक्षर न काढणे, ही अर्धीच सर्व्हिस झाली. कॅसेटही लगेच बदला, हे सांगण्यात आमच्या कारागिराने घाई केली. आधी नवी चेन बसवून चढावर जोर लावून पाहावे, दात्यांवरून ती घसरली तरच कॅसेटचा विचार करावा.

त्या दिवशी सांगायचे राहिले ते आता सांगतो. चिखल वाळला असेल तर तो कोरडा घासू नये, पुढच्या चाकाला धरणाऱ्या फोर्कच्या गुळगुळीत नळ्यांवर चरे पडतात. बादलीभर पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकची सायकल धुताना शक्यतो उलटी उभी करू नये, ब्रेकच्या नळीत हवा शिरू शकते. चेन डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने) पुसून, धुऊन, पूर्ण कोरडी झाल्यावरच प्रत्येक रोलरवर तेलाचा एकेक थेंब सोडावा, पेडल थोडा वेळ उलटे फिरवावे आणि मग बाहेरचे सगळे तेल फडक्याने टिपून घ्यावे. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, कारण ओली चकाकणारी चेन डोळ्यांना बरी दिसते. पण माती धरून ठेवते ती हीच चकाकी. पावसाळ्यात दाट, ओले वंगण वापरावे, पाऊस सरल्यावर कोरडे.

चेन, पॅड आणि हब या तिन्ही कामांची मजुरी आम्ही घेणार नाही. चेन आमच्या खरेदीच्या दरात देऊ, पॅडचे पैसे मात्र आपल्याला द्यावे लागतील. नवे पॅड बसल्यावर मध्यम वेगातून चालण्याच्या गतीपर्यंत, चाक न अडवता, वीसेक वेळा ब्रेक लावून ते डिस्कवर बसवावे लागतात. तेवढा वेळ काढून यावे, म्हणजे दुकानासमोरच्या रस्त्यावर ते आपल्याच हातून करून घेता येईल. रविवार सोडून कधीही या. सायकल मात्र कृपया धुऊन आणू नये, आहे तशा मातीसकट आणावी.